कोडमध्ये दादरा, मागे लोकलचा खडखडाट

कोड लिहून संगीत करणं हे कालपरवाचं खूळ नाही. १९५७ साली बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाला सूर वाजवायला लावले होते. आज हौशी माणसाने सॅम आरन यांच्या ‘सोनिक पाय’ या कोडमधून संगीत वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून सुरुवात करावी. ते फुकट आहे, विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं. आतून आवाज तयार करतो तो ‘सुपरकोलायडर’. पण थेट त्याच्या वाटेला इतक्यात जाऊ नका.

आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या, इथे फक्त उच्चार देतो. आधी ‘प्ले ६०’ लिहून ‘रन’ दाबा. सूर आला? मग ठेक्याकडे वळू.

वर ‘यूज_बीपीएम १२०’ लिहा, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा. खाली ‘लाइव्ह_लूप’ (पुन्हा पुन्हा वाजत राहणारा आज्ञांचा गट) उघडा, त्याला ‘ठेका’ नाव द्या आणि ‘डू’ व ‘एंड’ यांच्यामध्ये बोल भरा. तबल्याचे नमुने सोबतच मिळतात: ‘सॅम्पल’नंतर कोलन आणि ‘टॅब्ला_ना’, ‘टॅब्ला_घे१’ किंवा ‘टॅब्ला_तुन१’. ‘धा’ हवा तर ‘घे१’ आणि ‘ना’ लागोपाठ दोन ओळींत लिहा. मध्ये ‘स्लीप’ (तितक्या मात्रा थांबण्याची आज्ञा) नसेल तर दोन्ही एकदमच वाजतात. ‘धि’साठी ‘घे१’ आणि ‘तुन१’, ‘ति’साठी नुसता ‘तुन१’. कसलेला तबलजी नाक मुरडेल, पण काम भागतं. प्रत्येक बोलानंतर ‘स्लीप १’. धा धि ना, धा ति ना, हा झाला दादरा: सहा मात्रा, तीन सेकंदांत एक आवर्तन.

आता मुंबई. लोकलमध्ये बसून (दारात लटकून नव्हे) रुळांचा खडखडाट फोनवर रेकॉर्ड करा. ‘ऑडॅसिटी’ या ध्वनी कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यातला बरोबर दीड सेकंदाचा तुकडा कापून वेव्ह फाइल म्हणून ठेवा. दीडच का? ‘रेट: ०.५’ दिला की तुकडा निम्म्या वेगाने, एक सप्तक खाली वाजतो आणि तीन सेकंद पुरतो, म्हणजे नेमकं एक आवर्तन. दुसरा लाइव्ह लूप करा, पहिल्या ओळीत ‘सिंक :ठेका’ (ठेक्याचं नवं आवर्तन सुरू होईपर्यंत थांब) आणि पुढे ‘सॅम्पल’. फाइल ओढून एडिटरमध्ये सोडली की तिचा पत्ता आपोआप उमटतो. ‘सिंक’ची ओळ गाळली आणि ‘स्लीप’ही नसला, तर तो लूप एरर देऊन बंद पडतो.

वाजत असतानाच आकडे बदला आणि पुन्हा ‘रन’ दाबा. बदल पुढच्या आवर्तनापासून लागू होतो. ‘रेट: -१’ केलात तर खडखडाट उलटा वाजेल. जमलेलं जपून ठेवायचं असेल तर वरचं ‘रेक’ बटण दाबा. थांबवलंत की फाइल कुठे ठेवायची ते विचारतं.