फोटो एडिटिंगसाठी मॉनिटर घेताय? या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं की कोकणात फोटोग्राफरचा सीझन सुरू होतो, तो मे संपेपर्यंत. या दिवसांत एक तक्रार हमखास कानावर येते: "स्क्रीनवर फोटो झकास दिसत होता, अल्बम मात्र काळपट आला." पहिला संशय लॅबवर. मग कोल्हापूरला जाणाऱ्या फाइल्स पुण्याला जायला लागतात, आणि तिथूनही अल्बम काळपटच येतो.

बहुतेक वेळा घोळ आपल्याच टेबलावर असतो. नवा मॉनिटर खोक्यातून निघतो तो ब्राइटनेस जवळपास पूर्ण ठेवूनच. दुकानातल्या उजेडात शेजारच्या मॉनिटरपेक्षा उठून दिसावा म्हणून. साध्या मॉनिटरचाही उजेड २५० ते ३५० निट्सपर्यंत (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) जातो. प्रिंटसाठी काम करताना हवा असतो ८० ते १२० निट्स. इतक्या झगझगाटात बसून तुम्ही नवरीचा चेहरा "जरा जास्तच उजळ झालाय" म्हणून खाली ओढता, आणि कागद तर स्वतः उजेड देत नाही. काळपट येणारच.

मोजायचं यंत्र नसेल तर नेहमीच्या लॅबचा एक चांगला प्रिंट घ्या. ज्या दिव्याखाली अल्बम बघता त्याच उजेडात तो मॉनिटरशेजारी धरा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटेल. डोळ्यांना सवय होते.

खोक्यावरचे आकडे

"१.६७ कोटी रंग" याला भुलू नका. तो ८ बिटचा हिशेब आहे, स्वस्तातल्या मॉनिटरवरही तोच छापलेला असतो. बघायचं ते एसआरजीबी, म्हणजे मोबाइल-कॉम्प्युटरवर सर्रास वापरला जाणारा रंगांचा पल्ला, मॉनिटर किती टक्के दाखवतो. ९९ किंवा १०० हवं. काही खोक्यांवर त्याऐवजी एनटीएससीचा आकडा असतो. हे १९५३ सालचं अमेरिकन टीव्हीचं माप. ७२ टक्के एनटीएससी म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी, तेव्हा ७२ बघून नाक मुरडू नका. पण ४५ टक्के दिसलं तर तो मॉनिटर बिलं टाइप करायला ठेवा. त्यावर हळदीचा पिवळा आणि भाताच्या रोपांचा हिरवा दोन्ही मलूल दिसतील, तुम्ही सॅच्युरेशन वाढवाल आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर नवरदेव हळदीत बुडवून काढल्यासारखा दिसेल.

उलटी चूक महागाची आहे. अडोबी आरजीबीवाला वाइड गॅमट, म्हणजे एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवणारा, मॉनिटर घ्यायचा आणि लॅबला पाठवायच्या एसआरजीबी जेपेग. अल्बमच्या लॅब सहसा तेवढंच मागतात. शिवाय जी सॉफ्टवेअर कलर प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे हे सांगणारी फाइल) पाळत नाहीत, त्यांत अशा मॉनिटरवर सगळं भडक दिसतं. तुम्ही रंग उतरवता आणि बाकीच्यांकडे फोटो फिका पडतो. प्रदर्शनासाठी चांगल्या इंकजेटवर प्रिंट काढणाऱ्याला वाइड गॅमटचा उपयोग आहे. तारकर्लीच्या पाण्याची ती निळी-हिरवी छटा एसआरजीबीत पुरती मावत नाही. लग्नाच्या धंद्याला माझ्या मते तो खर्च नको. आधीच घेतला असेल तर मेनूतला एसआरजीबी मोड लावा. काही मॉडेलमध्ये हा मोड लावल्यावर ब्राइटनेस बदलता येत नाही, म्हणून विकत घेण्याआधीच दुकानात लावून बघा.

लाल शालूचं पोत नाहीसं होऊन नुसता लाल ठिपका दिसतो, त्याचं खापर मात्र मॉनिटरवर फोडू नका. हिस्टोग्राममध्ये (फोटोतल्या उजेडाच्या आलेखात) लाल चॅनल वेगळा बघा. तो उजव्या भिंतीला चिकटलेला असेल तर पोत तिथेच गेलं. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये ते बऱ्याचदा शिल्लक असतं, लालचं सॅच्युरेशन थोडं उतरवलं की जरीचं काम वर येतं.

पॅनल आणि आकार

पॅनल, म्हणजे मॉनिटरचा पडदा, आयपीएस प्रकारचाच घ्या. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलचा काळा गडद असतो, म्हणून बघताक्षणी आवडतो. पण दशावताराचे फोटो त्यावर उघडा: रात्रीचा मांड, मागे काळोख, पुढे रंगवलेला संकासूर. समोरून बघाल तर त्याच्या काळ्या कपड्याच्या चुण्या काळोखात विरतात, जरा बाजूला सरकलात की त्याच उजळ होऊन दिसतात. यातलं खरं काय धरून एडिट करणार? आयपीएसचा काळा थोडा राखाडी असतो, पण बसण्याची जागा बदलली म्हणून फोटो बदलत नाही.

२७ इंचाला फुल एचडी नको, ठिपके दिसतात आणि माणूस उगाच शार्पनिंग वाढवत बसतो. २४ इंचाला ते चालतं, २७ ला निदान २५६० बाय १४४०. वक्राकार मॉनिटरही नको. समुद्राची क्षितिजरेषा सरळ आहे की नाही हे वाकड्या काचेवर ठरवायचं, हा प्रकारच अजब आहे.

पैसे वाचवायचे ते मॉनिटरवर, कॅलिब्रेटरवर (स्क्रीनचे रंग मोजून दुरुस्त करणाऱ्या यंत्रावर) नाही. मध्यम किमतीचा आयपीएस आणि कॅलिब्रेटर ही जोडी कॅलिब्रेट न केलेल्या महागड्या मॉनिटरपेक्षा भरवशाची. एकट्याला परवडत नसेल तर तालुक्यातल्या चार-पाच जणांनी वर्गणी काढून एक घ्यावा. महिन्यातून एकदाच तर लागतो. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मगच मोजा: पांढऱ्याची छटा ६५०० केल्विन, मधल्या टोनचा उजेड ठरवणारा गॅमा २.२. मोजल्यावर तयार होणारी प्रोफाइल मात्र मित्राची उसनी घेऊ नका. मॉडेल एकच असलं तरी दोन पॅनल सारखे नसतात.

खोलीचाही रंग लागतो. पोपटी किंवा गुलाबी भिंतीसमोर बसलात की डोळा त्या रंगाला सरावतो आणि त्वचेचे टोन चुकतात. एप्रिलच्या दुपारी तांबड्या अंगणावरून खिडकीतून आत येणारा उजेडही तांबूसच असतो. मॉनिटर खिडकीला काटकोनात ठेवा, जाड पडदा लावा, मागची भिंत फिकी राखाडी करा.

तरीही रंग बिघडलेले वाटले तर

एचडीएमआयने जोडल्यावर काळा रंग धुरकट दिसतोय? ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज 'लिमिटेड'वर असेल, ती 'फुल' करा. संध्याकाळनंतर सगळं पिवळट होतंय? विंडोजचा नाईट लाइट चालू आहे. फोटो बदलला की उजेड आपोआप वरखाली होतो, तो डायनॅमिक कॉन्ट्रास्ट किंवा इको मोड, दोन्ही बंद. विंडोजमधला एचडीआरही बंद.

आपल्याकडच्या हवेची गोष्ट वेगळीच. पावसाळ्यात काम नाही म्हणून मॉनिटर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात, आणि आत दमट हवा कोंडते. त्यापेक्षा सुती कापड घाला आणि दिवसाआड तासभर चालू ठेवा. किनाऱ्यालगत खारी हवा केबलच्या टोकांना खाते, ती अधूनमधून काढून बघा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसा. राउटरची केबलही.

ऑनलाइन घेताना किमतीआधी विचारा की सर्व्हिसवाला तुमच्या पिनकोडला घरी येतो का. नाहीतर पॅनल बिघडल्यावर २७ इंचाचं धूड एसटीत घालून न्यावं लागेल. आल्या दिवशीच काळी, पांढरी, लाल, हिरवी, निळी अशी पूर्ण स्क्रीन लावून डेड पिक्सेल तपासा, कारण परत करायची मुदत थोडी असते. खोकं आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत टाकू नका. फक्त माळ्यावर ठेवताना वाळवीपासून जपा.