घरच्या कुकीजवर साधं आयसिंग

कुकीज आधी पूर्ण गार होऊ द्या बरं का, कोमट असल्या तरी आयसिंग वितळून खाली ओघळतं. १ कप आयसिंग शुगर घ्या, नसेल तर साखर मिक्सरमधून एकदम बारीक करून १ चमचा कॉर्नफ्लोअर घाला आणि दोनदा चाळा, कण राहिला की आयसिंग काढायच्या कोनाचं तोंड बंद झालंच समजा. मग दूध घालायचं, पण चमचा-चमचा करत, दीड-दोन चमच्यात काम होतं, वर लिंबाचे दोन थेंब.

चमच्यानं उचलून परत वाटीत सोडा, पडलेली रेघ १०-१५ सेकंदात मिसळून गेली की आतलं भरायला बरोबर. कडेची रेघ मात्र घट्टच पाहिजे, ती आधी काढा, मेंदीसारखा कोन करून.

रंगाला बीटाचा रस नाहीतर चिमूटभर हळद, मस्त येतो रंग. आपल्या लातूर-परभणीकडं उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की वाटीतलं आयसिंग बघता बघता पापडी धरायलंय, म्हणून वर ओलं फडकं झाकाच. वाळवायला फ्रीज नको, पाणी सुटतं, रात्रभर जाळीखाली ठेवा.