वाळा लावून दूषित जमीन सुधारताय? या चुका टाळा

कोराडी-खापरखेड्याच्या राखेच्या बंधाऱ्याजवळचा नाला असो, नाहीतर वणी-चंद्रपूरकडच्या कोळसा खदानींतून निघालेल्या मातीचे ढिगारे, तिथे वाळ्यासारखं गवत किंवा झाडं लावायची आणि सोबत जिवाणू द्यायचे, हा उपाय खोटा नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने खदानींच्या अशाच ढिगाऱ्यांवर प्रेसमड (साखर कारखान्यातली मळी) आणि रायझोबियम, अझोटोबॅक्टर हे नत्र देणारे जिवाणू वापरून झाडं जगवून दाखवली आहेत. गोंधळ होतो तो पुढे.

जिवाणू सगळंच खातात, हा समज

सोयाबीनच्या मुळावरची गाठ नखाने फोडली की आत लालसर दिसतं. तिथे रायझोबियम राहतो. अशी गाठ न करताही मूळ, खोड, पान यांच्या आत राहणारे कितीतरी जिवाणू असतात, आणि झाडाला त्यांचा त्रास नसतो. डिझेल, कारखान्यातली द्रावकं, काही कीटकनाशकं यांचे रेणू त्यांतले काही जिवाणू तोडतात. अमेरिकेत सिलिकॉन व्हॅलीतल्या दूषित जागेवर जिवाणू दिलेली पॉप्लरची झाडं ट्रायक्लोरोइथिलीन या द्रावकाने दूषित भूजलावरही जोमाने वाढली, आणि त्या पाण्यातलं हे रसायनही कमी झालं. हा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

शिसं, कॅडमियम, आर्सेनिक यांचं तसं नाही. ही मूलद्रव्यं, ती तुटत नाहीत. जिवाणू फार तर ती विरघळवून मुळांना देतात किंवा मुळाशी अडकवून ठेवतात. शिवाय झाडावर ताण आला की झाडातच वाढणारा, मुळांची वाढ रोखणारा इथिलीन वायू कमी करतात, म्हणून मुळं वाढत राहतात. धातू मातीतून झाडात गेला. नाहीसा झाला नाही.

तोच वाळा माठात

सगळ्यात मोठी चूक हीच. वाळ्यात धातू जास्त करून मुळांतच साठतात, आणि आपल्याकडे उन्हाळा लागला की वाळ्याची मुळंच माठात टाकतात, कूलरला लावतात. दूषित जागेचा वाळा उपटून विकायचा नाही, घरीही आणायचा नाही. बचत गटाने लागवड केली असेल तर हे पहिल्याच बैठकीत ठरवा; एप्रिलमध्ये भाव चढल्यावर कोणी ऐकत नाही. तिथे शेळ्याही सोडू नका. कापलेला पाला धुऱ्यावर पेटवला तर धातू राखेत उरतात आणि पहिल्या पावसात पुन्हा नाल्यात जातात. त्यामुळे लावण्याआधीच विचारा: कापलेलं नेणार कुठे?

औषध आणि कल्चर एकत्र

रोपांची मुळं आधी स्ट्रेप्टोसायक्लिन आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या पाण्यात बुडवली, मग त्यावर कल्चर (पाकिटातले जिवाणू) चोळलं, तर पैसे पाण्यात. स्ट्रेप्टोसायक्लिन जिवाणू मारण्यासाठीच असतं. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये तापलेलं पाकीटही घेऊ नका. कृषी केंद्रात ते कुठे ठेवलं होतं ते पाहा, मुदत वाचा.

खरं तर विकतच्या कल्चरआधी त्याच जागेच्या कडेला आपोआप तगलेलं गवत, झुडूप बघावं. त्याच्या आतले जिवाणू त्या मातीला सरावलेले असण्याची शक्यता जास्त. त्याचेच ठोंब फोडून आत सरकवत न्या. दूरच्या नर्सरीतल्या देखण्या रोपांपेक्षा मला हे पटतं.

रोप बिघडलं तर

राखेवर सगळंच रोप फिकट पिवळं पडलं, तर नत्राची कमतरता आधी तपासा. राखेत नत्र जवळपास नसतोच. शेणखत घाला. पानांच्या कडा करपल्या तर राखेतला बोरॉन जास्त झाला असू शकतो, तिथे युरिया टाकून काही होत नाही. पाऊस पडूनही रोपं वाळली तर खणून पाहा: मूळ खाली गेलंय की घट्ट थराला टेकून आडवं पसरलंय?

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं यंत्र) लावून 'पाणी साफ झालं' असं जाहीर करू नका. त्यावर शिसं वेगळं दिसत नाही. माती-पाण्याचा नमुना लागवडीआधी आणि नंतर प्रयोगशाळेत द्यावा लागतो. आणि यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरमध्ये फ्लोराइड येतं ते जमिनीतल्या खडकातून. नाल्याकाठच्या वाळ्याने त्यात फरक पडणार नाही, त्या पाण्याची सोय वेगळी करा.