मिंकच्या दूधपित्या पिलांची हगवण : मादीकडून येणारे धोके कसे ओळखावेत आणि कसे कमी करावेत

मिंक हा फरसाठी पाळला जाणारा छोटा मांसाहारी प्राणी आहे. त्याचे पिलू जन्मतः साधारण 10 ग्रॅम वजनाचे, आंधळे आणि जवळजवळ केशहीन असते. त्याचे डोळे उघडायला आणि घट्ट अन्न तोंडात घ्यायला सुमारे महिना लागतो, आणि तोपर्यंत अन्न, पाणी, ऊब, स्वच्छता हे सारे त्याला आईकडूनच मिळते. पहिल्या चार आठवड्यांत दिसणाऱ्या हगवणीचा विचार म्हणूनच मादीपासून सुरू करावा. या आजारात विष्ठा पातळ व पिवळसर होते, मानेवर व अंगावर चिकट स्राव साचून केस ओले दिसतात, पिले सुकतात आणि सतत ओरडतात. अशा पिलांमध्ये अॅस्ट्रोव्हायरस, स्टॅफिलोकोकस, ई. कोलाय असे वेगवेगळे जंतू सापडतात. परंतु यांतील काही जंतू निरोगी पिलांमध्येही आढळतात. त्यामुळे केवळ जंतूचे नाव कळल्याने प्रश्न सुटत नाही. एकाच शेडमध्ये एक वेत (एका मादीची एका वेळची पिले) आजारी पडते आणि शेजारचे ठणठणीत राहते, तेव्हा दोन्ही मादींमध्ये काय फरक आहे हे आधी तपासावे.

सर्वांत आधी मादीचे वय पाहावे. पहिल्यांदा व्यालेल्या, म्हणजे एक वर्षाच्या मादीच्या पिलांमध्ये हगवणीचा धोका अधिक असतो. मिंकमध्ये वारेतून पिलांपर्यंत पोहोचणारी प्रतिपिंडे (रक्तातील जंतुरोधक प्रथिने) मर्यादित असतात आणि बहुतांश संरक्षण चिकातून व दुधातून मिळते. ज्या मादीचा शेडमधील जंतूंशी संबंधच कमी आला आहे, तिच्या दुधात त्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडेही कमी असणार, हे उघड आहे. यावरचा व्यावहारिक उपाय असा की पैदाशीच्या कळपात अनुभवी माद्यांचे प्रमाण पुरेसे ठेवावे, तरुण माद्यांच्या पेट्यांना (ज्यांत मादी घरटे करून पिले वाढवते) खुणा कराव्यात आणि त्यांची पाहणी रोज आवर्जून करावी. वेत मोठे असेल तर प्रत्येक पिलाच्या वाट्याला येणारे दूध घटते, म्हणून पहिलटकर मादीखाली फार पिले ठेवू नयेत.

पिले दुसऱ्या मादीखाली लावण्याचा उपाय उपयोगी असला तरी तो जपून वापरावा. दोन्ही वेते निरोगी आणि जवळपास एकाच वयाची असतील तरच, आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच, पिले हलवावीत. हगवण लागलेल्या वेतातील पिलू, ते वरवर कितीही चांगले दिसत असले तरी, दुसऱ्या पेटीत कधीही ठेवू नये. तसे केल्याने आजार आपल्याच हाताने पसरतो.

मादीच्या अंगावरील चरबीकडे हिवाळ्यापासूनच लक्ष द्यावे लागते. अतिलठ्ठ मादीला विताना त्रास होतो आणि तिचे दूधही नीट उतरत नाही. उलट फार खंगलेल्या मादीकडे दूध तयार करण्यासाठी साठाच उरत नाही. उत्तर गोलार्धात मार्चमधील जोडणीपूर्वी माद्यांचे वजन हळूहळू आटोक्यात आणावे आणि जोडणीच्या सुमारे दोन आठवडे आधी खुराक वाढवावा. येथे घाई करू नये, कारण लठ्ठ मिंकला अचानक उपाशी ठेवल्यास यकृतात चरबी साचते. गाभणकाळात मादीची स्थिती मध्यम राखावी आणि खाद्यातील घटक एकाएकी बदलू नयेत.

एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीस माद्या वितात. त्याआधी पेटी स्वच्छ करून तीत कोरडे, मऊ गवत भरपूर घालावे, कारण या वयाच्या पिलांना स्वतःचे तापमान राखता येत नाही आणि गारठलेले पिलू नीट दूध पीत नाही. पिलांची विष्ठा व मूत्र आई चाटून साफ करते. ती आजारी किंवा अस्वस्थ असली की घरटे लगेच घाण होते. ओले, मळलेले घरटे हा बहुतेक वेळा पहिला इशारा असतो आणि तो पिलू सुकण्याच्या कितीतरी आधी मिळतो.

हगवण दिसताच पिलांबरोबर मादीचीही तपासणी करावी. सडांभोवती सूज, उष्णता किंवा गाठ असल्यास कासदाहाची (दूधग्रंथींच्या दाहाची) शंका घ्यावी. ती खाद्य टाकते का, पाणी पिते का आणि झपाट्याने वाळते आहे का, हेही पाहावे. दूधकाळाच्या उत्तरार्धात काही माद्या पाणी व मीठ गमावून खालावतात, म्हणून पाण्याचा पुरवठा कधीही खंडित होऊ देऊ नये आणि खाद्यातील मिठाचे प्रमाण पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावे. उरलेले खाद्य घरट्यात सडू देऊ नये. रोजचे काम निरोगी वेतांपासून सुरू करून आजारी वेतांवर संपवावे आणि आजारी पेट्यांसाठी वेगळे हातमोजे ठेवावेत. प्रतिजैविके अंदाजाने देऊ नयेत. अनेक वेतांतील विष्ठा आणि नुकतीच मेलेली काही पिले प्रयोगशाळेत पाठवून मगच उपचार ठरवावा.

प्रत्येक मादीच्या पत्रकावर तिचे वय, पिलांची संख्या, हगवण सुरू झाल्याची तारीख, मेलेली पिले आणि पिले दुसरीकडून आणली असल्यास कोठून, याची नोंद करावी. पहिल्याच वेताला हगवण लागली म्हणून मादी लगेच काढून टाकणे मला योग्य वाटत नाही, कारण पुढील वर्षी तिच्या दुधातील संरक्षण वाढलेले असू शकते. मात्र लागोपाठ दोन वर्षे तेच घडले, कासदाह होऊन गेला किंवा ॲल्यूशियन रोगाच्या (मिंकच्या एका विषाणूजन्य रोगाच्या) चाचणीत ती बाधित आढळली, तर तिला पैदाशीतून वगळावे आणि तिच्या मुलीही पैदाशीसाठी राखू नयेत.