गॅल४ चालत नाहीये? प्लास्मिडला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

डिझर्टेशनचा सीझन आला की मुंबईतल्या कुठल्याही लॅबमध्ये हे ऐकू येतंच, की गॅलॅक्टोज टाकलं, रात्रभर ठेवलं, तरी प्रोटीनचा बँड नाही, म्हणजे गॅल४ (यीस्टमधलं, गॅलॅक्टोज मिळालं की गॅल जीन्स चालू करणारं प्रोटीन) गेलं कामातून. मग लोक परत क्लोनिंगला बसतात. अहो थांबा जरा, गॅल४ बिचारं बहुतेक वेळा ठणठणीत असतं, घोळ साखरेत असतो नाहीतर स्ट्रेनमध्ये, म्हणजे यीस्टच्या वाणात.

आधी थोडक्यात काय चालतं ते बघू. गॅल४ हे ८८१ अमिनो ॲसिडचं प्रोटीन, दोन-दोनच्या जोडीने गॅल जीन्सच्या आधीच्या १७ बेसच्या जागेवर बसतं. गॅलॅक्टोज नसताना गॅल८० हे दुसरं प्रोटीन त्याच्या ॲक्टिव्हेशन डोमेनला (जीन चालू करणाऱ्या भागाला) चिकटून ते झाकून टाकतं. गॅलॅक्टोज आलं की गॅल३ त्या गॅल८०ला धरतं आणि गॅल४ मोकळं होतं. पण ग्लुकोज असेल तर मिग१ नावाचा रिप्रेसर (जीन बंद ठेवणारं प्रोटीन) थेट गॅल१ या गॅल जीनच्या प्रमोटरवर (जीन जिथून सुरू होतं त्या जागेवर) आणि गॅल४च्या स्वतःच्या प्रमोटरवरही बसतो, म्हणजे वर कितीही गॅलॅक्टोज ओता, ग्लुकोज शिल्लक असेपर्यंत तुमचं कोणी ऐकत नाही.

त्यामुळे सगळ्यात कॉमन चूक हीच, की संध्याकाळी लोकल पकडायच्या घाईत ग्लुकोजवालं ओव्हरनाइट कल्चर तसंच गॅलॅक्टोजच्या मीडियात ओतायचं आणि निघायचं. असं केलं की पेशींना ग्लुकोजमधून बाहेर यायलाच कित्येक तास लागतात आणि तुम्ही चार तासांनी सॅम्पल काढून रडत बसता. कल्चर आधी २ टक्के रॅफिनोजमध्ये वाढवा, रॅफिनोज ही साखर गॅल जीन्सना रिप्रेसही करत नाही (दाबत नाही) आणि इंड्यूसही करत नाही (चालू करत नाही), मग लॉग फेजमध्ये (पेशी जोरात वाढत) असताना २ टक्के गॅलॅक्टोज टाका, गॅल१चा आरएनए अर्ध्या तासाच्या आत दिसायला लागतो. ग्लुकोजमधून शिफ्ट करायचंच असेल तर निदान दोनदा स्पिन करून धुवा, नुसतं वरचं पाणी ओतून टाकणं म्हणजे धुणं नव्हे.

साखरेचा डबा पण बघा. प्रिन्सेस स्ट्रीटवरून घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, लेबलवर ग्लुकोजचं प्रमाण किती लिहिलंय ते वाचूनच घ्या, कारण साध्या ग्रेडच्या गॅलॅक्टोजमध्ये थोडं ग्लुकोज येऊ शकतं. आणि गॅलॅक्टोज, रॅफिनोज मीडियासोबत ऑटोक्लेव्ह करू नका हो, वेगळं स्टॉक करून ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. कंटाळवाणं आहे, पण करा.

आता स्ट्रेन. जिनोम सिक्वेन्स झालेला तो प्रसिद्ध एस२८८सी, त्यात गॅलॅक्टोज आत घेणारं गॅल२च बिघडलेलं आहे, त्याच्यावर इंडक्शनचा प्रयोग लावला तर दोष कोणाचा? तुमच्या स्ट्रेनचा पूर्ण जिनोटाइप सिनियरच्या तोंडून नाही, कागदावरून घ्या. गॅल३ म्युटंट असेल तर इंडक्शन होतं, पण दिवसच्या दिवस लागतात.

क्यूपीसीआरने (आरएनए किती आहे ते मोजायची पद्धत) मोजणाऱ्यांची एक वेगळीच गंमत. इंडक्शन झालं का हे बघायला गॅल४चाच आरएनए मोजतात! गॅल४चा आरएनए रॅफिनोजवरून गॅलॅक्टोजमध्ये गेल्यावर फारसा वाढत नाही, कारण प्रोटीन आधीपासून तिथेच असतं, फक्त झाकलेलं असतं. मोजायचं तर गॅल१ मोजा, तिथला फरक हजारपटीच्या घरात जातो. पवईच्या आयआयटीत या गॅल सिस्टिमवर वर्षानुवर्षं काम झालंय, जवळच आहात तर सेमिनारला जाऊन बसा, निम्मे गोंधळ तिथेच मिटतील.

टू-हायब्रिडवाले (दोन प्रोटीन्स एकमेकांना चिकटतात का ते यीस्टमध्ये बघणारे), तुमच्यासाठी थोडं जास्त. १९८९ पासून चालत आलेली ही पद्धत गॅल४चे दोन तुकडे वेगळे करूनच उभी आहे, म्हणून स्ट्रेनमधले मूळचे गॅल४ आणि गॅल८० दोन्ही डिलीट केलेले असतात, तिथे गॅलॅक्टोज टाकायची गरजच नाही. खरा सापळा म्हणजे बेट (गॅल४च्या डीएनएवर बसणाऱ्या तुकड्याला जोडलेलं तुमचं प्रोटीन) एकटाच रिपोर्टर (जुळणी झाल्याचं दाखवणारं जीन) चालू करतो. तुमचं प्रोटीन स्वतःच ट्रान्स्क्रिप्शन रेग्युलेटर असेल तर हे हमखास होणार, आणि मग प्लेटवर दाट वाढलेल्या कॉलनी बघून गाइडला फोटो पाठवायची घाई होते. आधी बेटसोबत रिकामा ॲक्टिव्हेशन डोमेनचा वेक्टर टाकून बघा. हिस३ (हिस्टिडीन बनवणारं रिपोर्टर जीन) थोडं लीक होतंच, त्यावर थ्री-एटी (हिस३ला अडवणारं रसायन) वाढवत वाढवत वाढ कुठे थांबते ते शोधा. तरीही थांबत नसेल तर बेट छोटा करा किंवा बेट आणि प्रे (ॲक्टिव्हेशन डोमेनला जोडलेलं दुसरं प्रोटीन) उलटे करा. ॲक्टिव्हेशन डोमेन फार जास्त बनवलं तर पेशीच मंदावतात हेही लक्षात असू द्या, प्रत्येक छोटी कॉलनी म्हणजे कंटॅमिनेशन नाही. (जुलैमध्ये मात्र आधी कंटॅमिनेशनचाच संशय घ्या, प्लेट्स नीट वाळवा.)

आणि गॅल७ किंवा गॅल१० (गॅलॅक्टोज पचवणारी जीन्स) डिलीट असलेल्या स्ट्रेनला इंडक्शनसाठी गॅलॅक्टोज देऊ नका, आत गॅलॅक्टोज-१-फॉस्फेट साचतं आणि वाढ बंद पडते. तसंच काम करायचं असेल तर गॅल१ पण काढलेला स्ट्रेन घ्या, तो गॅलॅक्टोज खात नाही, पण गॅल३ शाबूत असेल तर सिग्नल व्यवस्थित पोचतो आणि साखरही कमी लागते.