एसटी फेऱ्यांचा नकाशा काढताना वजन उलटं करा

लातूर, उदगीर, नांदेड, परभणी ही बसस्थानकं बिंदू आणि त्यांच्यातल्या रोजच्या एसटी फेऱ्या रेषांचं वजन धरलं, तर ग्राफव्हिज या जाळ्यांची चित्रं काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या जीव्हीमॅप या प्रोग्रॅमने त्याचा रंगीत, सीमा असलेला नकाशा निघतो; त्यात जवळच्या बिंदूंचा प्रत्येक गट म्हणजे एका रंगाचा प्रदेश. पण त्याआधी बिंदूंची मांडणी करणाऱ्या नीटो या ग्राफव्हिजमधल्याच प्रोग्रॅमला रेषेची लांबी द्यावी लागते, आणि जास्त फेऱ्या म्हणजे कमी अंतर. म्हणून लांबी फेऱ्यांच्या व्यस्त प्रमाणात द्या. हे विसरलं तर सगळा नकाशाच खोटा बोलतो! आकडे फार विषम असतील तर आधी फेऱ्यांत 1 मिळवून लॉगरिदम घ्या.

एकाच रंगाचे दोन तुटक प्रदेश दिसले, तर गट आणि मांडणी जुळलेली नाही. मांडणीतल्या जागांवरूनच के-मीन्सने (जवळजवळचे बिंदू एका गटात टाकणाऱ्या पद्धतीने) गट पाडा. लातूर नांदेडच्या उत्तरेला आलं तरी चालेल, इथे दिशेला अर्थ नसतो.