बिल्ला घासायच्या आधी: जुन्या लष्करी बिल्ल्यांबाबत या चुका टाळा

आजोबा शिंद्यांच्या फौजेत होते. त्यांच्या बिल्ल्यावर दोन नाग आणि मध्ये सूर्य होता. मी चौदा वर्षांचा असताना खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घरातल्या तलवारीबरोबर तो बिल्लाही चिंचेचा कोळ आणि रांगोळी लावून घासला. संध्याकाळपर्यंत तो लख्ख झाला, पण फण्यांवरच्या बारीक रेषा बुजल्या आणि सोन्याचा मुलामा उडाला. आज ग्वाल्हेरला कुणी पिशवीतून जुना बिल्ला काढून दाखवला की मी पहिलं हेच विचारतो, "घासला तर नाहीत ना?"

बिल्ल्यावरचा मळ, काळपटपणा आणि मागच्या कडीच्या जोडाभोवतीची काजळी हा त्याच्या वयाचा पुरावा असतो. म्हणून आधी ओळख पटवा. साफसफाई अगदी शेवटी.

आमच्याकडे सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "भाईसाहब, सत्तावन का माल है." ग्वाल्हेर म्हटलं की 1857 आणि राणी लक्ष्मीबाई आठवतातच, त्यामुळे हे वाक्य सहज खपतं. पण साध्या गोऱ्या सोजिराच्या टोपीवर आज आपण ओळखतो तसा धातूचा बिल्ला सरसकट आला तो 1890च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी हेल्मेटवरच्या मोठ्या पट्ट्या आणि ग्लेनगॅरी या दुमडत्या स्कॉटिश टोपीचे बिल्ले होते. त्यांचा आकार आणि मागच्या कड्या वेगळ्या असतात. ब्रिटिश पलटणींना तिकडच्या परगण्यांची (काउंटींची) नावं सरसकट मिळाली तीही 1881च्या फेररचनेत. शिवाय ग्वाल्हेरचा किल्ला आणि शेजारची मुरारची छावणी इंग्रजांनी 1886 मध्ये झाशी शहराच्या बदल्यात शिंद्यांना परत केली. तेव्हा मागे सरळ उभी पट्टी असलेला, परगण्याचं नाव कोरलेला बिल्ला "मुरारच्या गोऱ्या पलटणीचा, सत्तावनचा" असूच शकत नाही. तो अस्सल असेल, पण पुढच्या काळातला आणि दुसऱ्या कुठल्या तरी छावणीतला. भारतीय पलटणींतले बहुतेक शिपाई फेटा बांधत, हेही विसरू नका. त्यांचे बिल्ले फेट्यासाठी असत आणि खांद्यावरची पितळी अक्षरं वेगळी.

यानंतर मुकुट पाहावा. 1901 ते 1952 या काळातल्या राजमुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर गोलावतात. एलिझाबेथच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबतात. व्हिक्टोरियाच्या काळातले मुकुट एकसारखे नव्हते आणि त्यांतल्या काहींच्या कमानीही दबलेल्या दिसतात. नवशिका तिथेच फसतो. भारतीय पलटणीच्या बिल्ल्यावर एलिझाबेथचा मुकुट दिसला तर पाकीट आत ठेवा. 26 जानेवारी 1950ला मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले, आणि एलिझाबेथ राणी झाली 1952 मध्ये. उलट, चार्ल्स राजाने 2022 मध्ये पुन्हा घुमटाकार मुकुट निवडला. त्यामुळे ब्रिटनमधले अगदी नवे बिल्लेही आता वरवर जुन्यासारखे दिसतात.

बोधचिन्हांतले बदलही तारीख सांगतात. महार रेजिमेंट 1941 मध्ये उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, 1946 मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाल्यावर त्याच्याबरोबर एकमेकींना छेदणाऱ्या मशीनगन आल्या आणि पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला.

आता बिल्ला उलटा करा. निम्मी परीक्षा मागच्या बाजूची असते. ठशावर दाबलेल्या पातळ पत्र्यावर पुढचा उठाव मागे खोलगट उमटतो आणि कडा धारदार राहतात. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट असते. तिच्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात आणि अक्षरं साबणाच्या वडीवरच्यासारखी मऊ वाटतात. माझ्या बिल्ल्याची पाठ मी तेव्हा घासली नव्हती. तो ठशाचा आहे हे आज तिच्यावरूनच कळतं.

पण "ओतीव म्हणजे खोटा" असा निकाल लगेच देऊ नका. दुसऱ्या महायुद्धात भारतातल्या कारागिरांनी फौजेसाठी ओतलेले बिल्ले अस्सल आहेत, आणि मला ते फार प्रिय आहेत. उलट बाजूनेही फसगत होते. जुन्याच ठशांवर नंतर पुन्हा काढलेले बिल्ले दिसायला नितळ असतात, त्यामुळे कारखान्याचं नाव मागे छापलेलं असणं पुरेसं नाही. दोन धातूंचा असायला हवा तो बिल्ला सगळाच पिवळा असेल, तर 1916च्या सुमाराचा विचार करा. निकेल वाचवण्यासाठी तेव्हा तसे काढले होते. दुसऱ्या महायुद्धात तर प्लास्टिकचेही निघाले.

सर्वांत हळहळ वाटणारी चूक म्हणजे काळपट तपकिरी बिल्ला मळका समजून घासणं. 1902 नंतर अधिकाऱ्यांच्या खाकी गणवेशावरचे बिल्ले मुद्दाम ब्राँझ रंगाचे केलेले असत, आणि रायफल पलटणींचे काळे. तो रंग एकदा गेला की गेला.

चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं आम्ल पितळेतलं जस्त ओढून घेतं आणि वर तांब्याची गुलाबी झाक उरते. पॉलिशच्या डबीतले कण उठाव झिजवतात. अमोनिया असलेलं पॉलिश तर ताण असलेल्या पितळेला तडे पाडू शकतं. भारतातल्याच ब्रिटिश फौजेत पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण, असा उलगडा 1921 मध्ये झाला. खोबरेलही नको. त्यातली आम्लं तांब्याशी मिळून हिरवा थर आणतात.

मग करायचं काय? डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश, एवढंच. मुलामा किंवा मिना असेल तर भिजत ठेवू नका, ओलसर कापसाने टिपा. हिरवट खपली असेल तर तिच्यावर हलक्या मशीन ऑइलचा थेंब टाकून एक दिवस ठेवा आणि लाकडी टूथपिकने सोडवा. टाचणी लावू नका. नंतर पूर्ण वाळवून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. फिकट हिरवी पूड काढल्यावर परत परत येत असेल तर घरचे उपाय थांबवा, बिल्ला कोरड्या डबीत सिलिका जेलसह ठेवा आणि संग्रहालयातल्या जतन-तज्ज्ञाला दाखवा. तुटलेल्या कडीला सोनाराकडून नवा डाग मात्र देऊ नका. त्या उष्णतेने मागचा सगळा पुरावा जळतो.

ठेवताना रबरबँड, लोकर आणि पीव्हीसीची पाकिटं टाळा. रबर आणि लोकरीतलं गंधक चांदी काळी करतं. बिल्ला कुणाकडून, कुठे आणि कधी मिळाला ते पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून डबीत टाका. चिठ्ठी बिल्ल्याला चिकटवू नका.